‘आमच्याकडे हे कधीच नव्हते’ : एका विधानाची तपासणी

ज्यूंविषयी मराठीत लिहायचे झाले की सुरुवात बहुधा एका ठरलेल्या विधानाने होते : जगाने ज्यूंना छळले, भारताने कधीच नाही. हे विधान मोठ्या अंशी खरे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायल ‘शनवार तेली’ म्हणून गावगाड्यात सामावले. राजपूरकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्याची साक्ष देतात. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाने ज्यू वंशाच्या नवख्रिस्त्यांचा छळ केला. पण ती सत्ता पोर्तुगीजांची, म्हणून तो हिशेब आपण वेगळा ठेवतो.

माझा आक्षेप असा, की हे विधान राज्यकर्त्यांविषयी बोलते, शाळेच्या वर्गाविषयी नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत ज्यू विद्यार्थी सुरक्षित आहेत का, हा प्रश्न ७ ऑक्टोबर २०२३ नंतर ऐरणीवर आला, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी हेच विधान पुढे केले. म्हणून ते वर्गात नेऊन तपासायला हवे.

बेने इस्रायलांचे आधुनिक शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळांत सुरू झाले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यामागे धर्मांतराची आशा होती, ती फारशी फळली नाही; हिब्रू मात्र समाजाला परत मिळाली. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. आपल्या मुलाने धर्म न गमावता शिकावे, या गरजेला ते उत्तर होते. आज माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ती चालते आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत.

पण सगळी मुले समाजाच्या शाळेत गेली नाहीत. निस्सीम इझिकेल (१९२४-२००४) यांची ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही इंग्रजी कविता आपल्या विधानाला सरळ छेद देते. आत्मचरित्रात्मक कविता म्हणून ती ओळखली जाते. तिच्यातला मुलगा रोमन कॅथलिक शाळेत जातो. तू ख्रिस्ताला मारलेस, असे त्याला सुनावले जाते, आणि त्याच वर्षी बायबलच्या विषयातले बक्षीस तोच मिळवतो. एक मुसलमान खेळाडू मुलगा त्याच्या कानाखाली वाजवतो. हिंदू मुलांचीही त्याला धास्ती वाटते. कविता म्हणजे पोलिसांतली फिर्याद नव्हे, हे मान्य. शिवाय कवी या मुलाला सोज्वळ करत नाही : हिंदू मुलांच्या चुकीच्या इंग्रजीविषयी त्याच्या मनात तुच्छता आहे आणि एके दिवशी तो स्वतः चाकू चालवतो. म्हणूनच मला ही साक्ष विश्वसनीय वाटते. खोटी साक्ष इतकी स्वतःच्या विरोधात जात नाही.

यावर उत्तर येते, की ख्रिस्तहत्येचा आरोप युरोपातून आलेला, तो आपला नव्हे. आरोप बाहेरचा होता, पण वर्ग मुंबईचा होता आणि मुलगाही आपलाच. या आरोपाचे पुढे काय झाले तेही पाहावे. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकणे नाकारले आणि तशी शिकवण देऊ नये असे ठरवले. म्हणजे शिकवलेला द्वेष शिकवणे थांबवताही येते.

आता आपल्याकडे जे तयार झाले ते पाहू. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचे उपाहारगृह निघाले; ज्यू समाजाच्या निषेधानंतर नाव बदलले. हिटलरचे आत्मचरित्र पदपथांवर नेतृत्वाच्या आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. मी राहतो त्या पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची सतत वर्दळ असते. ‘या देशाला एक हिटलरच पाहिजे’ हे वाक्य मी इथल्या टपऱ्यांवर अनेकदा ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात ज्यूंविषयी राग नसतो. बहुधा त्याने ज्यू पाहिलेलाच नसतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यू होते सुमारे साडेचार हजार. जो माणूस वर्गात नाही, त्याच्या सुरक्षिततेचे श्रेय आपण घेत आहोत. आणि तो वर्गात असता, तर हे वाक्य ऐकून कुठे बसला असता?

अमेरिकेतील वादाकडे या बाजूने पाहिले तर एक कसोटी हाती येते. ५ डिसेंबर २०२३ रोजी हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या प्रमुखांची अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उलटतपासणी झाली. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक नियमभंग ठरते का, या प्रश्नाला त्यांनी ते संदर्भावर अवलंबून आहे अशा धाटणीचे उत्तर दिले, आणि पुढे त्यांपैकी दोघींना पद सोडावे लागले. इस्रायलच्या सरकारवर, गाझातील संहारावर टीका करणे हा विद्यार्थ्यांचा हक्कच आहे. पण एखाद्या मुलीला ती ज्यू आहे एवढ्यावरून त्या सरकारचा जाब विचारणे वेगळे. तिथे टीका संपते आणि इझिकेलच्या वर्गातला आरोप पुन्हा सुरू होतो : दुसऱ्या कुणाच्या कृत्याला तू जन्माने जबाबदार.

ही कसोटी फक्त ज्यूंपुरती ठेवली तर ती खोटी. स्फोट झाला की वसतिगृहातल्या काश्मिरी किंवा मुसलमान मुलाकडे वळणाऱ्या नजरा याच आरोपाच्या असतात. ज्यूंच्या सुरक्षिततेविषयी कळवळणारे काही जण इथे गप्प बसतात, आणि इथे बोलणारे काही जण ज्यू मुलीची वेळ आली की गप्प होतात.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनी धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध प्रत्येक महाविद्यालयात अधिकारी नेमायला सांगितले. अशा अधिकाऱ्याचे नाव आपल्या महाविद्यालयातल्या किती मुलांना सांगता येईल, हे आधी विचारावे. आणि ग्रंथालयात हिटलरचे आत्मचरित्र असेल तर त्याच फळीवर वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि अ‍ॅन फ्रँकची रोजनिशीही ठेवावी. दोन्ही मराठीत आहेत.