'पक्के घर' या संकल्पनेची चिकित्सा : मराठवाड्यातील घरबांधणी आणि कर्बाचा हिशेब

प्रस्तावना

ग्रामीण गृहनिर्माणाच्या चर्चेत 'कच्चे' आणि 'पक्के' ही विशेषणे इतकी रूढ झाली आहेत की, त्यांत दडलेले मूल्यविधान सहसा लक्षात येत नाही. भाजलेली वीट, सिमेंट आणि काँक्रीट म्हणजे पक्के. माती आणि न भाजलेली वीट म्हणजे कच्चे, ही वर्गवारी जनगणनेपासून घरकुल योजनांपर्यंत कमीअधिक फरकाने स्वीकारली गेली आहे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात ही वर्गवारी तपासून पाहणे उद्बोधक ठरते. चारठाणा येथील यादवकालीन मानली जाणारी काळ्या पाषाणाची मंदिरे, गावांतील दगडमातीची माळवदे आणि अलीकडची स्लॅबची घरे अशा बांधणीच्या तीन परंपरा येथे शेजारी शेजारी आढळतात. घराचा पक्केपणा केवळ सामग्रीवरून ठरवणे सुरक्षितता व पर्यावरण या दोन्ही दृष्टींनी अपुरे आहे, हे स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट होय.

सामग्रीतील कर्ब

सिमेंटच्या निर्मितीत चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजली जाते. त्या वेळी दगडातच बद्ध असलेला कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो. एक टन क्लिंकरमागे सुमारे अर्धा टन वायू केवळ या रासायनिक क्रियेतून बाहेर पडतो; इंधनाचा धूर त्याहून वेगळा. म्हणजेच भट्टीचे इंधन बदलले तरी हा भाग शिल्लक राहतो. चुन्याच्या भट्टीतही हेच घडते. मात्र भिंतीत घट्ट होताना चुना त्यातील बराचसा वायू हवेतून परत घेतो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग कर्ब असतो. सागवानी तुळई घरात शाबूत आहे तोवर तो हवेत मिसळत नाही.

उदाहरणादाखल २५ चौरस मीटर क्षेत्राचे घरकुल घेता येईल. दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला २.५ घनमीटर काँक्रीट लागते. घनमीटरमागे आठ पोती धरल्यास वीस पोती, म्हणजे एक टन सिमेंट होते. टनामागे ०.८ टन या दराने सिमेंटचा वाटा ०.८ टन. दोनशे किलो सळईसाठी, पोलादाच्या टनामागे अडीच टन धरल्यास, आणखी अर्धा टन. एकट्या छताचा भार अशा रीतीने सुमारे १.३ टन कार्बन डायऑक्साइड होतो. हे छत ६० वर्षे टिकले तर वर्षाला सुमारे २२ किलो, ३० वर्षांत निकामी झाले तर सुमारे ४३ किलो. आयुष्य हा या हिशेबातील निर्णायक घटक आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्याची अल्कता घटवतो, सळई गंजते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. पाणीटंचाईच्या काळात स्लॅबवर पुरेसे पाणी मारले गेले नाही, किंवा सळईवरील काँक्रीटचे आवरण पातळ राहिले, तर ही प्रक्रिया वेग घेते. 'पक्के' घर असे अल्पायुषी ठरू शकते.

किल्लारीचा धडा

या आधारे माळवदाचा गौरव करणे सोपे आहे. परंतु तो गौरव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेला सामोरा गेल्याशिवाय ग्राह्य मानता येत नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती मुख्यतः दगडमातीच्या घरांखाली. माळवदावर अर्धा मीटर मातीचा थर असल्यास चौरस मीटरमागे सुमारे ८०० किलो, म्हणजे २५ चौरस मीटरला वीस टन वजन माणसांच्या डोक्यावर असते. मातीत रचलेल्या जाड भिंतींच्या दोन पदरांना जोडणारे आरपार दगड नसल्याने त्या फुटून कोसळल्या. मात्र अनेक ठिकाणी भिंती पडूनही खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. दोष सामग्रीइतकाच, किंबहुना अधिक, जोडणीत होता.

आयएस १३८२७ व आयएस १३८२८ ही मातीच्या व कमी ताकदीच्या बांधकामांना भूकंपरोधक करण्याची भारतीय मार्गदर्शक मानके त्याच वर्षातील आहेत. छतावरील माती कमी करणे, आरपार दगड बसवणे, भिंतींना सलग पट्टे बांधणे हे उपाय अज्ञात नव्हते. तरीही बळकटीकरणाचे साहाय्य मिळालेल्या अनेक कुटुंबांनी जुने घर तसेच ठेवून विटा-सिमेंटची नवी खोली बांधणे पसंत केले. ही निवड भयातून आलेली व समजण्याजोगी होती. पण तिच्यामुळे जुन्या घराचा धोका जागेवरच राहिला आणि नव्या सिमेंटचा भार वाढला.

निकषांची मर्यादा

२०१८ च्या 'इको निवास संहिते'च्या पहिल्या भागात घराच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु तिची व्याप्ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींपुरती होती आणि सामग्रीत अंतर्भूत कर्बाचा विचार तीत नव्हता. खेड्यातील घर या चौकटीबाहेर राहिले. दुसरीकडे, कर्बाच्या नावाने मातीच्या घराचा पुरस्कार करणारे लेखन बहुधा भूकंपाबाबत मौन बाळगते. २१ मार्च २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला व तो परभणीतही जाणवला. हे मौन जिंतूरला परवडणारे नाही.

निष्कर्ष

सुरक्षित वापराच्या प्रत्येक वर्षामागे किती कर्ब खर्ची पडला, हा पक्केपणाचा निकष असावयास हवा. त्यानुसार सुस्थितीतील माळवद पाडण्यापेक्षा त्याचा भार उतरवून भिंती बांधून घेणे श्रेयस्कर ठरते. नव्या बांधकामात राखमिश्रित सिमेंट किंवा आयएस १८१८९ या २०२३ च्या मानकानुसार चुनखडी व भाजलेल्या चिकणमातीचे सिमेंट वापरल्यास क्लिंकरचे प्रमाण घटते. माळवदांच्या मातीची जाडी, खणांची स्थिती आणि स्लॅबचे वय यांची गाववार नोंद महाविद्यालयांच्या भूगोल व रसायनशास्त्र विभागांच्या आवाक्यातील आहे. अशा नोंदीअभावी कोणते घर राखावे आणि कोणते पाडावे, हा निर्णय एका विशेषणाच्या आधारे होत राहील.