मार्गारेट विल्सन यांचें चरित्र

सावित्री नदी जेथें सागरास मिळते, तेथें उत्तरतीरीं रायगड जिल्ह्यांतील हरिहरेश्वर व दक्षिणतीरीं बाणकोट. १८२३ सालीं स्कॉटिश मिशननें बाणकोटास ठाणें घातलें. पुढें १८२९ मध्यें मार्गारेट विल्सन या स्कॉच बाईंनीं पतीसह मराठीचा अभ्यास आरंभिला, तो याच किनाऱ्यावर, हर्णैस. वर्षाअखेर मुंबईस परतून त्यांनीं मुलींच्या शाळा काढल्या. थोड्याच अवधींत त्या सहा झाल्या. १८३५ च्या एप्रिलांत बाई मुंबईंतच निवर्तल्या. त्यांचे पति डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३८ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध केलेलें त्यांचें चरित्र आमच्यापुढें आहे.

ग्रंथाचा मोठा गुण असा, कीं त्यांत बाईंच्या पत्रांतील व रोजनिशींतील उतारे आहेत. परक्यांच्या मुलींस शिकवावयाचें तर आधीं त्यांची भाषा आपण शिकली पाहिजे, हा त्यांचा क्रम आम्हांस सर्वस्वीं आदरणीय वाटतो. परंतु उतारे निवडणारा पति आहे, धर्मोपदेशक आहे, आणि त्याचा वाचक स्कॉटलंडांतील भाविक आहे. त्यामुळें अक्षरओळख हें येथें साध्य नसून साधन ठरतें. अक्षर शिकलेल्या मुलीनें त्या अक्षराचें पुढें काय केलें, हा आमचा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठीं हा ग्रंथ रचलेलाच नाहीं.

म्हणूनच त्या काळच्या पालकांचा संशय निव्वळ हट्ट होता, असें आम्ही म्हणणार नाहीं; धर्मांतराचा हेतु मिशनऱ्यांनीं कधीं लपविला नव्हता. पण तेवढ्यावरून ऋण नाकारणें हाही अन्यायच. मुंबईस १८२७ सालीं आलेल्या अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनीं पुढें अहमदनगरास चालविलेल्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस प्रेरणा मिळाली, हें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं उघडलेली शाळा मात्र कोणाच्या धर्मप्रसारासाठीं नव्हती. विचार परक्या हातून आला. त्याचा हेतु आमच्या माणसांनीं बदलला, आणि त्यासाठीं स्वकीयांचा रोष पत्करला. आमच्या मतें खरें मोल या बदलाचें आहे.

मार्गारेटबाईंचें काम पुढें त्यांच्या बहिणींनीं चालविलें. त्यांच्या शाळेचा वारसा मुंबईंत गांवदेवीच्या सेंट कोलंबा शाळेंत आजही नांदतो. त्यांचें चरित्र जरूर वाचावें. मात्र तें अर्धें आहे, हें ध्यानीं ठेवून. उरलेलें अर्धें, म्हणजे बाकावर बसलेल्या मुलीचें, मराठींतच लिहिलें गेलें पाहिजे.