गाणारांची चरित्रं : हिशोबाचं पान कुठंय?

गाणाऱ्या माणसाचं चरित्र म्हटलं की साचा ठरलेला. गरिबी, गुरू, कष्ट, नाव, पुरस्कार, म्हातारपण, आणि मधे आठ-दहा पानं फोटो. परदेशातल्या रॉक आणि पॉपवाल्यांच्या आत्मकथा वाचा, साचा तोच. फक्त गुरूच्या जागी दारू आणि पुरस्काराच्या जागी मोटारी. वाचणारा हळहळतो, पुस्तक मिटतो, गाणं लावतो. हा साचा प्रस्थापितांनी आपल्या सोयीनं पाडलेला आहे आणि चळवळीतली पोरंसुद्धा गाणारांची आयुष्यं त्याच साच्यातून वाचायलेत, हे माझं म्हणणं आहे. या साच्यात एक पान कधीच नसतं. गाण्याचे पैसे कुणाकडं गेले, ते पान.

आधी लांबचं घेतो. काळ्या अमेरिकेचं साहित्य आपल्या आधीच्या पिढीला मराठीत समजावून सांगितलं ते आपल्या लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नावसुद्धा तिकडूनच घेतलं. पण आपण त्यांचे कवी घेतले, पुढारी घेतले, गाणारे घेतले नाहीत. ते राहिले पॉपच्या खात्यात, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टावर.

चक बेरी त्यातला एक. सेंट लुईसचा, जन्म १९२६. रॉक अँड रोल नावाची जी चीज गोऱ्या पोरांनी पुढं जगभर विकली, तिचा पाया घालणारांतला हा माणूस. गाण्यावर पोट भरण्याआधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. १९८७ साली त्याचं आत्मचरित्र आलं. ते त्यानं स्वतः लिहिलं, भाड्याचा लेखक घेतला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. भाषा कुठं फुलारते, कुठं अडखळते. पण माणूस बोलतोय हे कळतं. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो, त्यामुळं दोन महिने लागले. लागू द्या.

त्यात १९५५ सालचा एक प्रकार आहे. त्याचं पहिलं गाजलेलं गाणं 'मेबलीन'. गाणं बाजारात गेल्यावर त्याला कळलं की रचणारा म्हणून त्याच्या नावाशेजारी आणखी दोन नावं छापली गेलीत. त्यातला एक अ‍ॅलन फ्रीड, रेडिओवर गाणी वाजवणारा मोठा असामी. ना शब्द त्याचा, ना चाल त्याची. पण नाव लागलं म्हणजे पैशात वाटा लागला, आणि वाटा लागला म्हणजे तो रेडिओवर गाणं दणकून वाजवणार. कंपनीचं हे गणित. ही दोन नावं पुरती निघायला १९८६ उजाडलं. एकतीस वर्षं!

मराठवाड्यातल्या माणसाला हे नवीन आहे का? रोजगार हमीच्या मस्टरवर जे कधी कुदळ धरायला आले नाहीत त्यांची नावं आपण बघितलीत. मेबलीनचं मस्टर तसंच होतं, एवढंच.

पुढं हाच चक बेरी स्टेजवर चढायच्या आधी रोख पैसे मोजून घ्यायचा. पैसे नाहीत तर गाणं नाही. गिटार घेऊन एकटा यायचा, वाजवणारे त्या त्या गावचे. यावर तिकडच्या लिहिणारांनी त्याला चिक्कू ठरवलं, पैशाचा लोभी ठरवलं, कलेवर प्रेम नाही म्हटलं. मी डाळमिलमधे पाळीवर जाणारा माणूस. मला यात लोभ दिसत नाही. ज्यानं एकदा मस्टरवर भलत्याचं नाव बघितलं तो दुसऱ्यांदा आधी मजुरीच विचारणार.

पण म्हणून चक बेरीचा फोटो लावून हार घालायचा का? नाही. हिशोब मागायचा तर सगळ्यांचा मागायचा. एका १४ वर्षांच्या आदिवासी मुलीला राज्याच्या हद्दीपार नेल्याच्या खटल्यात तो १९६२-६३ मधे तुरुंगात होता. खटल्यात गोऱ्या न्यायाधीशाची वंशद्वेषी भाषा होती हे खरं, त्यावरून पहिली शिक्षा रद्द होऊन खटला पुन्हा चालला हेही खरं. पण मुलगी १४ वर्षांची होती हेही तितकंच खरं. शोषित माणूस दुसऱ्याचं शोषण करू शकत नाही, असा जो एक भाबडा समज आपल्या बैठकांत फिरतो तो अशी पुस्तकं वाचून गळून पडतो. बरंच होतं.

बिग मामा थॉर्नटनचं बघा. 'हाऊंड डॉग' हे गाणं एल्विस प्रेस्लीचं म्हणून जगाला माहीत. ते त्याच्या आधी १९५२ साली या काळ्या बाईनं गायलं, १९५३ साली ते काळ्यांच्या गाण्यांच्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. गाणं लिहिणारे दोघं गोरे पोरगे, ते तिनं कधी लपवलं नाही. पण गळा तिचा, झटका तिचा. एल्विसनं १९५६ साली ते म्हटलं आणि लाखांनी तबकड्या खपल्या. तिला मिळाला ५०० डॉलरचा एक चेक, असं ती सांगायची. १९८४ साली ती लॉस एंजलिसमधे एका भाड्याच्या खोलीत मेली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सचं 'लाईफ' (२०१०) हे जाडजूड आत्मचरित्र वाचताना मला सारखी ही बाई आठवत होती. माणूस मोकळा आहे. आपण काळ्यांच्या ब्लूजवर वाढलो हे उघड सांगतो. त्यांच्या टोळीचं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेलं. कृतज्ञता भरपूर. पण कृतज्ञतेची पावती फाडता येत नाही.

आता आपल्याकडं येतो. वामनदादा कर्डक. जन्म १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. मृत्यू २००४. 'माझ्या जीवनाचं गाणं' या नावानं त्यांनी आपली कथा सांगितली. आपल्या कार्यकर्त्यांना दादांच्या आयुष्यातला एकच प्रसंग पाठ आहे : मुंबईत कुणीतरी पत्र वाचायला दिलं, दादांना अक्षर येत नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं, मग ते जिद्दीनं वाचायला शिकले. प्रसंग मोठाच आहे. मीही शाळा अर्धी सोडलेला, मला तो पोटातून लागतो. पण भाषणात तो सांगून झाला की आपण थांबतो. दादांनी गिरणीत काम केलं, कोळशाच्या वखारीत केलं, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, खडी फोडली. ही यादी आपण 'संघर्ष' या एका शब्दात गुंडाळून टाकतो. खडी फोडणाऱ्याच्या हाताला ढोलकीचा ठेका कसा सापडतो, गिरणीच्या आवाजात ओळ कशी जुळते, यावर किती जणांनी चार ओळी लिहिल्या? समीक्षकांनी तर नाहीच. त्यांना दादा कवी वाटायलाच मुळी फार वेळ लागला.

आणखी एक. दादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ही नाममुद्रा. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली रीत. विद्यापीठातले लोक तिच्यात परंपरा बघतात, बघू द्या. मला त्यात कुलूप दिसतं. ज्याच्याकडं वकील नाही, कंपनी नाही, छापखाना नाही, त्यानं आपलं नाव ओळीतच असं बसवायचं की उपटलं तर मात्रा मोडावी. चक बेरीच्या कागदावरचं नाव दुसऱ्यांना वाटून घेता आलं. दादांचं नाव काढायचं तर आधी गाणं लंगडं करावं लागतं. आज मोबाईलवर भीमगीत वाजतं तेव्हा खाली गायकाचं नाव असतं, कंपनीचं असतं, पुष्कळदा गीतकाराचं नसतं. पण शेवटचं कडवं येतं आणि माणूस उभा राहतो. अर्थात कडवं कापलं नसेल तर. डीजेवाले कापायलेत.

विठाबाई नारायणगावकरांवर योगीराज बागूल यांनी 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा' हे चरित्र लिहिलं. जरूर वाचा. पण इथंही आपण एकच पान वाचतो. भर प्रयोगात कळा आल्या, बाई आत गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात : केवढी कलेवरची निष्ठा! मला हे ऐकून चीड येते. दिवस भरलेली बाई नाचायला उभी का होती, हे कुणी विचारत नाही. फडाचं अर्थकारण माहीत असलेला माणूस निष्ठा म्हणणार नाही. सावकाराकडून कर्ज काढून फड उभा राहतो, कलावंत हंगामाच्या आधी उचल घेतात, जत्रेच्या सुपाऱ्या ठरलेल्या असतात, प्रयोग बुडाला की कर्ज चढतं. उचल! आपल्याकडचा ऊसतोडीचा माणूस मुकादमाकडून घेतो तीच ही उचल. कोयता घेऊन फडात बाळंत होणाऱ्या बाया आपल्या तालुक्यानं बघितल्यात. शब्दसुद्धा तोच, फड. उसाच्या फडातल्या बाईला आपण शोषित म्हणतो, तमाशाच्या फडातलीला कलेची पुजारीण. असं का?

विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं.

इथं एक अडचणीची गोष्ट काढतो. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई तमाशाच्या उत्पन्नातून पैसे द्यायला आले आणि बाबासाहेबांनी नाकारले, ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांचा नकार बरोबरच होता. बाईला नाचवून आलेला पैसा तिच्याच मुक्तीला कसा चालेल? पैसा कुठून आला हे विचारणारा पुढारी त्या काळात दुसरा नव्हता. पण त्या नकाराचा आपण काय अर्थ काढला? तमाशातल्या बाईकडं तोंड फिरवायला परवाना मिळाला, असा. पवळाबाई महाराचीच लेक. पठ्ठे बापूराव जन्मानं कुलकर्णी, त्याचं नाव शाहिरांच्या मालिकेत चढलं. तिचं आयुष्य त्याच्या चरित्रातलं एक प्रकरण होऊन बसलं. शैलजा पाईक यांनी २०२२ साली इंग्रजीत तमाशातल्या दलित बायांवर अख्खं पुस्तक लिहिलं तेव्हा कुठं हा प्रश्न नीट मांडला गेला. तो मराठीत आणि आपल्या बैठकीत यायला हवा.

साचा मोडणारं पुस्तक आपल्याकडं नाहीच असं नाही. भीमराव कर्डकांचं 'आंबेडकरी जलसे' १९७८ साली आलं. नाशिक जिल्ह्यातून निघून गावोगाव जलसा नेणारा हा माणूस. त्यानं स्वतःचं चरित्र न लिहिता जलशाचं लिहिलं. मी हे केलं, मी ते केलं असा सूर नाही. पार्टी आहे, वग आहेत, गाव आहे, विरोध आहे. रॉकवाल्यांच्या चार-पाचशे पानांच्या 'मी'पुढं हे लहान पुस्तक ठेवून बघा.

आता आपलं आपण बघू. १४ एप्रिलला निलंग्यात, औशात, उदगीरला डीजेला जेवढी रक्कम जाते तेवढी गायनपार्टीला देताना मंडळाचा हात आखडतो. 'समाजाचं काम आहे, घ्या समजून' असं म्हणतात. शाल, नारळ, गाडीभाडं. मीही अशा मंडळात पावत्या फाडल्यात. तबलजी रातभर वाजवतो, दुसऱ्या दिवशी पहाटे वीटभट्टीवर जातो, आणि आपण त्याला बांधिलकी शिकवतो.

आमच्या तालुक्यात एक म्हातारा गाणारा आहे. नामांतराच्या काळात, १९७८ नंतर, गावोगाव गायलेला. त्याच्या आवाजाची एकही टेप नाही. गाण्याची वही तेवढी आहे, पिवळी, कोपरे उंदरानं खाल्लेले. पुढून उघडली की गाणी. उलटी करून मागून उघडली की पेन्सिलीनं गावांची नावं आणि पुढं रकमा. काही गावांपुढं 'जेवण' एवढंच. काहींपुढं 'नाही'. एका पानावर पेटीचा भाता दुरुस्त केल्याचा खर्च आणि तो कुणाकडून उसना घेतला ते. दोन गावांपुढं फुली आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, तिथं गाऊ दिलं नाही, पळावं लागलं. पुढच्या अंकासाठी ही वही उतरवायला घेतलीय. दोन्ही बाजूंनी.