टर्की ट्विझलर हरले, पण मुलांना जिंकवलं कोणी?

मुलांच्या आहारावरच्या टीव्ही मोहिमांचा विषय निघाला की एका कार्यक्रमाचं नाव हमखास येतं, 'जेमीज स्कूल डिनर्स'. २००५ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या चॅनल ४ वर आलेली ही चार भागांची मालिका. शेफ जेमी ऑलिव्हर लंडनच्या ग्रिनिच भागातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात शिरतो. मुलांच्या ताटात चिप्स आणि टर्की ट्विझलर, म्हणजे टर्कीच्या मांसाच्या लगद्याला पीळ देऊन बनवलेला कारखान्यातला पदार्थ. एका मुलाच्या जेवणाच्या सामानाला खर्च फक्त ३७ पेन्स. देशभर संताप उसळला, याचिकेवर २,७१,००० हून जास्त सह्या झाल्या आणि सरकारने २८ कोटी पौंड जाहीर केले.

टीव्हीने समाजाच्या सवयी बदलल्या, असा याचा अर्थ सहसा लावला जातो. मला तो पटत नाही. का, ते सांगते.

मिशेल बेलो आणि जोनाथन जेम्स या दोन अर्थतज्ज्ञांचा २०११ सालचा निबंध बघा. त्यांनी ग्रिनिचच्या प्राथमिक शाळांची तुलना आसपासच्या भागांतल्या शाळांशी केली. पद्धत तशी सोपी आहे. बदलाआधी दोन्हीकडे निकाल किती होते, नंतर किती झाले, आणि ग्रिनिचमधला बदल शेजाऱ्यांपेक्षा जास्त आहे का? उत्तर आलं, हो. अकरा वर्षांच्या मुलांचे इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारले. परवानगी घेऊन होणारी गैरहजेरी, जी बहुतेक आजारपणामुळे असते, ती १४ टक्क्यांनी घटली.

आता यातली मेख लक्षात घ्या. टीव्ही तर शेजारच्या भागांतही होता! तोच कार्यक्रम, तोच जेमी, तेच ट्विझलर तिथल्या घरांतही दिसले. फरक होता तो स्वयंपाकघरात. ग्रिनिचमध्ये मेनू बदलला, स्वयंपाकिणींना प्रशिक्षण मिळालं, सामान बदललं. म्हणजे या अभ्यासात मोजला गेला तो ताट बदलण्याचा परिणाम, कार्यक्रम बघण्याचा नाही.

मग टीव्हीने काहीच केलं नाही का? केलं की. पण त्याने हलवला तो वेगळाच प्रेक्षक. याचिका डाउनिंग स्ट्रीटवर पोचली ३० मार्च २००५ ला, आणि ५ मे ला होती सार्वत्रिक निवडणूक. पुढचं तुम्हीच जुळवा. सप्टेंबर २००६ पासून इंग्लंडच्या शाळांत नवे, कडक अन्न-निकष लागू झाले. माझ्या मते मालिकेचं खरं यश ते हेच, आणि ते लहान नाही.

माझी तक्रार आहे ती गोष्ट सांगण्याच्या पद्धतीबद्दल. टीव्हीला नायक लागतो आणि खलनायकही. मालिकेत अडथळे म्हणून कोण दिसतं? नाकं मुरडणारी मुलं, नाराज पालक, दमलेल्या स्वयंपाकिणी. पण ३७ पेन्सचं ताट काही त्यांनी ठरवलं नव्हतं. १९८० च्या शिक्षण कायद्याने शाळेतल्या जेवणाचे किमान पोषण-निकषच काढून टाकले होते. २००१ मध्ये काही निकष परत आले, पण इतके ढिले की त्यांत ट्विझलरही आरामात बसत. हा २५ वर्षांचा इतिहास कॅमेऱ्यात नीट मावत नाही. तोंड वाकडं करणारा मुलगा मात्र छान मावतो.

याची किंमत चुकवली कोणी? रॉदरहॅमजवळच्या रॉमार्शमध्ये २००६ च्या सप्टेंबरात काही आया शाळेच्या कुंपणावरून मुलांना बर्गर-चिप्स देताना दिसल्या. वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. जेवणाची सुट्टी कमी केलीय, रांगा लांब आहेत, मुलांना बाहेर सोडत नाहीत, असं त्या सांगत होत्या. ते मथळ्यांत फारसं आलं नाही. त्या सुमारास शाळेत जेवणाऱ्या मुलांची संख्याही घटली. ताट सुधारलं, पण ते खायला मुलं रांगेत उभी राहतील याची सोय आधी करायला हवी होती.

घृणा वाटायला लावण्याचा मार्गही तितका भरवशाचा नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या हंटिंग्टन शहरात जेमीने मुलांसमोर कोंबडीचा उरलासुरला सांगाडा वाटून नगेट्स केले आणि विचारलं, आता हे कोण खाणार? मुलांनी पटापट हात वर केले! भूक लागलीय, समोर गरमागरम नगेट आहे. मुलं दुसरं काय करणार?

बेलो-जेम्स यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. सुधारणा दिसली ती मुख्यतः बऱ्या परिस्थितीतल्या मुलांत. मोफत जेवणाच्या योजनेतल्या गरीब मुलांत तसा फायदा दिसला नाही. ज्यांच्या नावाने मोहीम उभी राहिली, तीच मुलं मागे राहिली. टीव्हीवर याचा पाचवा भाग निघाला नाही.

म्हणून अशी पुढची मोहीम बघताना जरूर हळहळा, सहीसुद्धा करा. फक्त कॅमेरा आईच्या डब्यावर रोखलेला दिसला, की विचारा: शाळेच्या ताटाला पैसे किती, आणि ते ठरवलं कोणी?