कच्चे आणि भाजके : मातीकामाच्या मराठी शब्दांविषयी

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी शाडूच्या गणेशमूर्तींना 'टेराकोटा' म्हणून मोकळा झालो होतो. लेख छापून आला आणि लालबागच्या एका कारखान्यातल्या वयस्कर मूर्तिकारांनी मला बोलावून घेतलं. "आम्ही मूर्ती सुकवतो, भाजत नाही. भाजली तर बाप्पा पाण्यात विरणार कसे?" एवढंच ते म्हणाले. मी कलाशाळेत शिकलेलो नाही. वाचून आणि विचारून मिळालं तेवढंच माझं शिक्षण. चूक निमूट मान्य केली. पण नंतर जुने अंक, प्रदर्शनांची परीक्षणं चाळली, तेव्हा दिसलं की या चुकीत मला सोबत पुष्कळ आहे. मृत्शिल्प, मातीकाम, टेराकोटा, सिरॅमिक हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. समोरची वस्तू कच्ची आहे की भाजकी, हा पहिला प्रश्नच विचारत नाही.

मातीच्या बाबतीत मात्र सगळं या प्रश्नावर ठरतं. भिजवलेली माती वाळते तेव्हा तिच्यातलं वरचं पाणी उडून जातं. ती आक्रसते, कडक होते, पण पुन्हा पाण्यात घातली की परत चिखल होते. तीच माती भाजताना उष्णता साधारण 500-600 अंशांपुढे गेली, की मातीच्या घटनेत बांधलेलं पाणीही निघून जातं. मग ते मडकं शंभर वर्षं पाण्यात ठेवा, त्याची माती होत नाही. सुकणं परतीच्या वाटेचं आहे, भाजणं नाही. 'टेराकोटा' या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाजलेली माती'. शब्द आपण उचलला, त्यातला विस्तव तिथेच राहिला.

लालबाग-परळच्या कारखान्यांची सगळी भाषा या विस्तवाच्या अलीकडची आहे. शाडू भिजवणं, मळणं, साच्यात दाबणं, सांधे ओल्या मातीने जोडणं, हाताने साफ करणं, सुकवणं, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. यात सर्वांत अवघड काम सुकवण्याचं. ऐन पावसाळ्याची हवा, त्यात मूर्तीचं पोट जाड आणि बोटं बारीक. बारीक भाग आधी सुकतो, जाड मागे राहतो आणि सांध्यावर चीर जाते. म्हणून मूर्तिकार घाई करत नाही. आपले समीक्षक 'घडवणे' या क्रियापदावर पानं भरतात. 'सुकवणे' कुणाच्या लेखात सापडत नाही. गंमत म्हणजे या जागेला जुना शब्द आहे 'चित्रशाळा'. म्हणजे नावातही मान रंगाला मिळाला, मातीला नाही.

मग मुंबईत विस्तव कुठे होता? गिरगाव-खेतवाडीच्या पलीकडे कुंभारवाडा आहे. तिथे आता मुख्यतः नाव उरलं आहे. चाक आणि भट्टी पाहायची तर धारावीच्या कुंभारवाड्यात जावं लागतं. ती वस्ती सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची, तिची घरची बोली गुजराती. दुसरा विस्तव पेटला तो जे. जे. कलाशाळेत. 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथे भांडी करवून घेतली. झिलई सिंधी भांड्यांच्या धर्तीची, नक्षी अजिंठ्याच्या चित्रांवरून. त्यातली काही आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात. पण कलाशाळेच्या शिक्षणाची भाषा होती इंग्रजी. म्हणजे या शहरात कच्च्या मातीचं बोलणं मराठीत झालं आणि भाजक्या मातीचं गुजरातीत व इंग्रजीत. आपल्या समीक्षेतला गोंधळ मला इथून आलेला दिसतो.

यावर कुणी म्हणेल, मराठीत शब्दच नाहीत त्याला काय करणार? हे मला मान्य नाही. चाक, थापटणं, आवा, भाजकी वीट, खापर हे शब्द गावोगाव आहेत. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा आपल्याला पाठ आहे. भाजक्या मडक्याचा आवाज खणखणीत आणि कच्च्याचा बद्द येतो, हे साधं कुंभारी ज्ञान त्या कथेच्या मुळाशी आहे. ज्या भाषेने कच्च्या-पक्क्याची परीक्षा अध्यात्मापर्यंत नेली, तिला प्रदर्शनाच्या परीक्षणात 'भाजकं शिल्प' लिहायला संकोच का वाटावा?

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. भाजक्या मातीची खापरं उरतात. त्यांवरून उत्खननात काळ ठरतो. कच्ची माती मागे काही ठेवत नाही. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893 पासून गणेशोत्सव होतो. त्या पहिल्या वर्षांच्या मूर्ती कोणत्याही संग्रहालयात नाहीत, असू शकत नाहीत. विरून जाणं हाच त्या कलेचा शेवट, आणि तो ठरवून केलेला. म्हणून तिच्याबद्दल नेमके शब्द लिहून ठेवणं एवढंच हाती राहतं, आणि तेच आपण ढिसाळपणे करतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा वादही या शब्दांनी स्पष्ट होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं, न्यायालयातल्या सुनावण्या, मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न, हे सगळं खरं आहे आणि त्या पोटावर लिहिताना सांभाळून लिहावं. पण प्लास्टर म्हणजे कच्ची माती नव्हे, भाजकीही नव्हे. जिप्समची पूड आधी तापवलेली असते. पाणी मिळताच ती घट्ट बसते आणि पुन्हा सहजी विरत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी गिरगाव किंवा दादरच्या चौपाटीवर जे हात-पाय लाटांत लोळताना दिसतात, ती एका अर्थाने खापरंच. विसर्जनाचा विधी कच्च्या मातीचा आणि वस्तू न विरणारी, असा तो विसंवाद आहे.

त्या मूर्तिकारांकडे मी गेल्या श्रावणात पुन्हा गेलो. या लेखाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "बरा आहे. अजून थोडा सुकू द्या." तसा दिला.