करारनाम्यातील शासन : नाव आणि भार

शासनाने केलेल्या करारनाम्यांचा विचार आपल्याकडे बहुधा वकिलांवर सोपवला जातो. राज्यशास्त्राचा अभ्यासक संविधान वाचतो, अर्थशास्त्राचा अभ्यासक अंदाजपत्रक वाचतो. या दोहोंच्या मध्ये असलेला करारनामा मात्र कोणी संहिता म्हणून वाचत नाही. वस्तुतः शासन ज्या एका ठिकाणी स्वतःला ‘पक्षकार’ म्हणवून घेते, दुसऱ्याच्या शेजारी सही करते आणि आपले देणे शब्दांत मांडते, ते ठिकाण हेच. तेथे शासनाला कोणते नाव दिले आहे, आणि जो भार त्या नावाने उचलला तो अखेरीस कोणाच्या खांद्यावर गेला, या दोन प्रश्नांपुरता प्रस्तुत लेख मर्यादित आहे. उदाहरणे शक्यतो परभणी जिल्ह्यातील मानवत आणि त्याच्या परिसराशी संबंधित अशी घेतली आहेत. कापसाची बाजारपेठ, जायकवाडीचा कालवा आणि निझामी राजवटीचा वारसा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात, हे त्याचे कारण.

मानवतचा शेतकरी शासनाला ज्या नावाने ओळखतो ते ‘भारत सरकार’ हे नाव फलकांवर असते, टपालावर असते, योजनांच्या जाहिरातींत असते. कराराच्या पहिल्या ओळीत मात्र ते सहसा नसते. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे संघराज्याच्या कार्यकारी अधिकारात होणारा करार राष्ट्रपतींनी केला, असे त्यात म्हटलेले असावे लागते, आणि राज्याच्या बाबतीत तेथे राज्यपालांचे नाव येते. पुढे त्याच करारावरून वाद उपस्थित झाला की लगतच्या अनुच्छेद ३०० प्रमाणे दावा ‘भारतीय संघराज्य’ या नावाने किंवा त्याच्यावर लावावा लागतो. म्हणजे वचन देणारा एका नावाचा आणि न्यायालयात उत्तर देणारा दुसऱ्या नावाचा. त्यातच अनुच्छेद २९९ चा दुसरा खंड सांगतो की राष्ट्रपती किंवा त्यांच्या वतीने सही करणारा अधिकारी यांपैकी कोणीही व्यक्तिशः जबाबदार नाही. नाव आहे, पण त्या नावाच्या मागे माणूस उभा नाही, अशी ही रचना होय.

हा सारा निव्वळ उपचार आहे, अशी एक सर्वसामान्य समजूत आहे. ती मला मान्य नाही. तिच्याविरुद्धचा पुरावा न्यायनिर्णयांतच सापडतो. भंडारा मतदारसंघाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतून उद्भवलेले चतुर्भुज जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम हे प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जसानी ज्या पेढीचे भागीदार होते ती सैनिकांच्या उपाहारगृहांना विड्या पुरवीत असे. शासनाशी करारसंबंध असणारा उमेदवार अपात्र ठरत असल्यामुळे, असा करार अस्तित्वात होता काय, हा प्रश्न निर्णायक ठरला. करार राष्ट्रपतींच्या नावे झालेला नव्हता. तरीही न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तो सर्वस्वी शून्य मानला नाही. राष्ट्रपतींचे नाव नाही एवढ्यावरून दररोजचे असंख्य किरकोळ व्यवहार निष्प्रभ ठरू लागले तर शासनाशी व्यवहार करणाऱ्या निष्पाप माणसाचेच नुकसान होईल, अशी ती विचारसरणी होती. जसानी अपात्र ठरले.

पुढे ही दृष्टी टिकली नाही. भिकराज जयपुरिया या धान्यव्यापाऱ्याने युद्धकाळात रेल्वेच्या एका विभागीय अधीक्षकाच्या मागणीपत्रांवरून धान्य पुरवले होते. उरलेला माल रेल्वेने घेतला नाही म्हणून त्याने नुकसानभरपाई मागितली. १९३५ च्या कायद्यातील तत्सम कलमाप्रमाणे ती मागणीपत्रे गव्हर्नर जनरलच्या नावे नव्हती, यास्तव बंधनकारक करारच झालेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ठरवले. नावाचा अभाव भंडाऱ्याच्या उमेदवाराला तारू शकला नाही, आणि धान्यव्यापाऱ्याला त्याने बुडवले. दोन्ही वेळा हानी झाली ती शासनासमोर उभ्या असलेल्या माणसाची. नियमाचा हेतू सरकारी तिजोरीचे अनधिकृत वचनांपासून रक्षण करणे हा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु अधिकाऱ्याने नमुना पाळला की नाही हे तपासण्याचे ओझे मात्र, ज्याला तो नमुना कधी दाखवलाच जात नाही, त्याच्या माथी आले. संविदा अधिनियमाच्या कलम ७० खाली, प्रत्यक्ष घेतलेल्या लाभाचा मोबदला शासनाने द्यावा, एवढी वाट न्यायालयाने त्याच सुमारास मोकळी ठेवली. ती उपयुक्त आहे, पण अरुंद आहे. घेतलेल्या मालाचे पैसे तिने मिळतात, मोडलेल्या वचनाचे मिळत नाहीत.

आता कालव्याकडे वळू. जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली बसवण्यात आली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्‌घाटन केले. पैठणहून निघणारा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा मानवतच्या शिवारापर्यंत येतो. येथे पाणी हवे असलेला शेतकरी नमुना क्रमांक ७ चा अर्ज भरतो, आणि त्या अर्जात शासन ‘कालवा अधिकारी’ या रूपाने भेटते. या प्रकल्पाला जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे साहाय्य मिळाले. अशा साहाय्याच्या करारांत कर्जदाराचे वर्णन दीर्घकाळ एका ठराविक वाक्यांशाने होत आले आहे : ‘भारत, आपल्या राष्ट्रपतींमार्फत’.

या वाक्यांशावर थोडे थांबणे आवश्यक आहे. त्याचा पूर्वार्ध आंतरराष्ट्रीय व्यवहाराच्या भाषेतला आहे. तेथे पक्षकार होतो तो देश, सरकार नव्हे. उत्तरार्ध अनुच्छेद २९९ च्या भाषेतला आहे. बँकेच्या सर्वसाधारण अटींनुसार कराराची बंधने कोणत्याही राज्याचा कायदा काहीही म्हणत असला तरी लागू राहतात, आणि वाद लवादाकडे जातो. म्हणजे बाहेरच्या पक्षकाराला राष्ट्रपतींचे नाव असले काय किंवा नसले काय, सारखेच. तरीही ते तेथे आहे, कारण ते घरच्या वाचकासाठी आहे. प्रत्यक्ष सही बहुधा अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागातील एखाद्या अधिकाऱ्याची असते, ही गोष्ट वेगळी.

या वाक्यात महाराष्ट्र कोठे आहे? कर्जदार म्हणून कोठेच नाही. अनुच्छेद २९३ राज्याला भारताच्या हद्दीतच कर्ज उभारण्याची मुभा देतो. परदेशी कर्ज हा संघराज्याचा प्रांत. म्हणून राज्य वेगळ्या ‘प्रकल्प करारा’त येते. काम करण्याचे वचन तेथे राज्य देते, पैसे फेडण्याचे वचन दुसऱ्या कागदावर देश देतो. दोन कागद वेगवेगळे असल्यामुळे वाचकाची अशी समजूत होते की भारही तसाच विभागला आहे. प्रत्यक्षात तो केंद्र आणि राज्य यांच्यातील तिसऱ्या व्यवस्थेने वाटला जातो आणि ती या दोन्ही कागदांच्या बाहेर असते.

२००५ पूर्वी केंद्र सर्वसाधारण राज्यांना असे साहाय्य ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या रूपाने रुपयांत देत असे. विनिमयदराचा धोका केंद्राकडे राही. उलट, आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे जवळजवळ बिनव्याजी आणि ५० वर्षांच्या मुदतीचे पैसे राज्यापर्यंत पोहोचताना केंद्राच्या नेहमीच्या व्याजाचे आणि आखूड मुदतीचे होऊन जात. बाराव्या वित्त आयोगानंतर पद्धत पालटली आणि परकीय कर्ज मूळच्याच अटींवर राज्याकडे जाऊ लागले. स्वस्त व्याज राज्याला मिळाले, त्याबरोबर रुपया घसरण्याचा धोकाही मिळाला. डॉलर १९७७ साली नऊ रुपयांच्या आत होता. एप्रिल २०१८ मध्ये, परभणीसह १५ जिल्ह्यांसाठीच्या हवामानानुकूल कृषी प्रकल्पाच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जकरारावर सह्या झाल्या तेव्हा तो ६५ च्या आसपास होता. या दोन काळांत कर्जदार भारतच राहिला. बदलले ते देणे सोसणाऱ्याचे स्थान. ‘कर्जदार कोण?’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकाला हा बदल दिसणारच नाही.

कापसाच्या बाबतीत शासनाचे नाव आणखी मागे सरते. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत राज्य शासनाचा अभिकर्ता म्हणून पणन महासंघ खरेदी करी. शासन निदान दुसऱ्याच्या मागे उभे असलेले दिसे. हमीभावाने कापूस घेणारे भारतीय कपास निगम मात्र १९७० साली स्थापन झालेली एक कंपनी आहे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येतो, त्यामुळे अनुच्छेद २९९ चा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. काटापट्टीवर निगमाचे नाव असते, राष्ट्रपतींचे नसते. राष्ट्रपती असतात ते भागधारकांच्या नोंदवहीत, कारण शासकीय कंपन्यांचे भाग त्यांच्या नावे धारण केले जातात. विड्यांच्या पेढीला शासन पक्षकार म्हणून भेटले, मानवतच्या कापूस उत्पादकाला ते मालकाच्या नोंदवहीत लपलेले भेटते. प्रतवारीवरून किंवा रक्कम थकल्यावरून तो तक्रार करील ती एका कंपनीविरुद्ध.

तथापि तोटा आला की पडद्यामागचा हात पुढे येतो. २०१४–१५ ते २०२०–२१ या हंगामांतील हमीभाव खरेदीपोटी निगमाला १७,४०८ कोटी ८५ लाख रुपये देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली. हा निर्णय शासन आणि शेतकरी यांच्यामधील कोणत्याही करारातून निघत नाही. तो शासन आणि निगम यांच्यामधील आहे. शेतकऱ्याला त्याची फळे मिळतात, हक्क मिळत नाही.

मराठवाड्याला ही रचना नवी नाही. गावापासून दूर पडलेल्या मानवत रोड स्थानकावरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या कंपनीच्या व्यवस्थेत होता, तिचे नावच ‘निझामाज गॅरन्टीड स्टेट रेल्वे’ असे होते. १८८३ च्या करारान्वये निझाम सरकारने तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी घेतली होती. गाडी कंपनीची, भागधारक लंडनचे, आणि उणे पडेल ते भरून काढणारी तिजोरी हैदराबादची. तिकीट काढणाऱ्या उताऱ्रूचा करार कंपनीशी असे, पण त्या तिजोरीत भर घालणारा सारा तो आपल्या शेतावर भरतच होता. १९३० साली राज्याने रेल्वे स्वतःकडे घेतली तेव्हा तिच्या नावातून ‘गॅरन्टीड’ हा शब्द गेला.