एक अफसाना आणि समीक्षेचे सहा प्रश्न

उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. तिथे अदबच्या तासाला एक प्रश्न ठरलेला असतो : ‘या पाठातून लेखकाला काय सांगायचे आहे?’ मुले दोन ओळींचे उत्तर पाठ करतात, गुण मिळवतात आणि अफसाना विसरून जातात. प्रश्न कसा विचारावा हे आम्हाला बी.एड.ने शिकवले. एकाच कलाकृतीला अनेक प्रश्न विचारता येतात, हे मात्र नंतरच्या वाचनाने शिकवले. समीक्षेचे संप्रदाय म्हणजे असे वेगवेगळे प्रश्नच होत. त्यांची नावे जड आहेत, म्हणून ओळख करून घेताना आपण सआदत हसन मंटोची ‘टोबा टेकसिंग’ ही कथा समोर ठेवू.

मुंबईत उमेदीची वर्षे काढून मंटो १९४८ साली लाहोरला गेला आणि १९५५ साली तिथेच वारला. कथा फाळणीनंतरची आहे. दोन्ही सरकारे वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरच्या पागलखान्यातला बिशनसिंग विचारत राहतो की, आपले गाव टोबा टेकसिंग नेमके कुठे आहे, हिंदुस्थानात की पाकिस्तानात? शेवटी दोन सरहद्दींच्या मधल्या बेनाव जमिनीवर तो कोसळतो.

रूपवादी विचारतो : हे सांगितले कसे आहे? रशियातील श्क्लोव्हस्कीने १९१७ साली म्हटले की, सवयीने बोथट झालेली नजर कला पुन्हा जागी करते. इंग्लंडमध्ये आय. ए. रिचर्ड्सने विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे अमेरिकेतील नवसमीक्षकांनी हीच वाट धरली. त्यांच्या पद्धतीने पाहिले तर बिशनसिंगची असंबद्ध बडबड महत्त्वाची ठरते. तिच्यात पंजाबी, उर्दू, इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळले आहेत आणि प्रसंगानुसार तिची शेपटी बदलते.

मार्क्सवादी विचारतो : यात सत्ता आणि पैसा कुठे आहे? उर्दूत १९३६ च्या लखनौ अधिवेशनापासून तरक्कीपसंद तनकीदने हा प्रश्न लावून धरला. मंटोचे त्या मंडळींशी फारसे जमले नाही, तरी कथेत उत्तर आहे. त्या पागलखान्यात काही खुनी आहेत. त्यांच्या नातेवाइकांनी अधिकाऱ्यांना पैसे चारून त्यांना फाशीपासून वाचवले आहे. खुद्द बिशनसिंगही जमीनदार होता.

फ्रॉइडच्या वाटेने जाणारा समीक्षक मनात दडपलेले शोधतो. पंधरा वर्षे न झोपता उभा असलेला हा माणूस कशाला घट्ट धरून आहे?

संरचनावाद, म्हणजे उर्दूतील साख्तियात, सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांवर उभा आहे. शब्दाला अर्थ येतो तो इतर शब्दांपासूनच्या वेगळेपणामुळे, हे त्याचे सूत्र. इथे हिंदुस्थान आणि पाकिस्तान, शहाणा आणि वेडा अशा जोड्या दिसतात. देरिदा पुढे विचारतो : या जोड्या टिकतात का? कथेत त्या टिकत नाहीत. शेवटी जमिनीवर पडले आहे ते गाव की माणूस, हेही सांगता येत नाही. उर्दूत गोपीचंद नारंग यांनी १९९३ च्या ग्रंथात या विचाराची पौर्वात्य काव्यशास्त्राशी सांगड घातली.

वसाहतोत्तर समीक्षेचा पाया एडवर्ड सईद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ने घातला. ती विचारते : साहेब गेला, पण त्याच्या चौकटी गेल्या का? कथेतल्या दोन अँग्लो-इंडियन वेड्यांना काळजी आहे ती युरोपियन वॉर्ड राहील की नाही आणि न्याहारीला पाव मिळेल की नाही याची!

सहावा प्रश्न स्त्रीवादी समीक्षेचा. तो आम्हाला पुस्तकाने नव्हे, दहावीतल्या एका मुलीने विचारला. ही कथा वर्गात सांगून झाल्यावर ती उठून म्हणाली, ‘‘और रूपकौर का क्या हुआ?’’ रूपकौर ही बिशनसिंगची मुलगी. भेटीला आलेला फजलदीन तिचे नाव घेतो, अडखळतो आणि मग तीही बरी आहे म्हणून सांगतो. एवढेच. त्या अडखळण्यात फाळणीतल्या किती लेकी आहेत! आम्ही मात्र ‘‘ते परीक्षेला नाही’’ म्हणून तिला खाली बसवले. त्याची खंत आजही आहे.

खंत एवढ्यासाठी की, आपल्या लेखनाबाबतही हेच चालले आहे. मुस्लिम मराठी लेखकाची कथा हाती आली की बाहेरचा वाचक विचारतो, ‘‘तुमच्यात असेच असते का?’’ घरचा वाचक विचारतो, ‘‘यात समाजाची बदनामी तर नाही ना?’’ दोघांचे प्रश्न उलटे वाटतात, पण दोघेही कथेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. तिची भाषा कशी आहे, घरातली दखनी मराठीत कशी उतरली, कोण बोलते आणि कोण गप्प आहे, हे कुणी विचारत नाही. मग लेखकही साक्ष देण्यापुरतेच लिहू लागतो.

यातला कोणताही संप्रदाय म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. एकच चष्मा कायमचा लावला की त्याचीही गाइड होते. पण पुढच्या वेळी आपल्यातल्या कुणाची कथा वाचाल, तेव्हा तिला एक तरी नवा प्रश्न विचारा. आम्हीही त्या मुलीचा प्रश्न आता दरवर्षी वर्गात स्वतःहून विचारतो.